भीमेकाठचा भोपळा, मिरजेचे हात आणि तुर्कस्तानचा साज

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून पुढं निघाली, की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होतं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, टाळकरी धावतात, पखवाजवाले धावतात आणि गळ्यात वीणा अडकवलेले विणेकरीही धावतात. बघणाऱ्यांचे डोळे मात्र अश्वावर असतात. अश्व दौडला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली, की गर्दी पांगते. विणेकरी धाप टाकत उभा राहतो, वीणेच्या तारा तपासतो, एखादी खुंटी पिळतो आणि पुन्हा चालू लागतो.

ती वीणा येते कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मंदिरातली असते, दिंडीची असते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, एवढं पुरतं. पण तिचा माग काढत गेलं तर वाट पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मळ्यातून मिरजेच्या गल्लीत जाते. तिथं शिकलगारांच्या घरात पोचते. आणि तिचं गोत शोधलं तर ते इराण ओलांडून थेट तुर्कस्तानातल्या खेड्यांपर्यंत सापडतं.

रमजानच्या पानावर वीणेची गोष्ट कशाला, असं कुणी विचारील. रोजाचा महिना इबादतीचा, गाण्याबजावण्यापासून दूर राहण्याचा, असं मानणारी घरं आपल्या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मताचा मान आहेच. वाद्यांबद्दल मुसलमानांमध्ये एकमत कधीच नव्हतं. चिश्ती परंपरेच्या दर्ग्यांत समा चालत आला, तर दुसऱ्या मदरशांनी तो वर्ज्य ठरवला. तो वाद आज इथं सोडवायचा नाही. पण वाद्य वाजवणं वेगळं आणि वाद्य घडवणं हा एखाद्या घराचा पोटापाण्याचा धंदा असणं वेगळं. मिरजेत या महिन्यातही हातात रंधा आणि कानस घेऊन, तोंडाला पाण्याचा थेंब न लावता माणसं बसलेली असतात, आणि त्यांच्या हातातलं काम पुढं एखाद्या विठ्ठलमंदिरात जाणार असतं. ही गोष्ट आपल्या शेजाऱ्यांना ठाऊक असावी, एवढ्यासाठी हा लेख.

एका घरातली भावंडं

तंबोरा, वीणा, सतार, एकतारी ही सगळी लांब मानेची तंतुवाद्यं. खाली पोकळ पोट, वर लांब दांडी आणि टोकाला खुंट्या. पोटात आवाज घुमतो, दांडीवर तार ताणली जाते. ही ठेवण फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. इराणात तंबूर आणि सेतार, मध्य आशियात दुतार, अफगाणिस्तानात तंबूर, तुर्कस्तानात साज. ‘तंबोरा’ या शब्दाचं नातं कुणी तुंबरू गंधर्वाशी जोडतात, कुणी फारसी ‘तंबूर’शी. ‘सितार’ म्हणजे ‘सेह तार’, तीन तारांची. तिचा जनक म्हणून अमीर खुसरोचं नाव लोक घेतात. तुर्क बापाचा आणि हिंदुस्थानी आईचा हा कवी १२५३ ते १३२५ या काळातला. इतिहासाचे अभ्यासक मात्र सतारीचं आजचं रूप अठराव्या शतकातल्या दिल्लीत घडलं असं मानतात.

तुर्की लोकसंगीतातलं मुख्य वाद्य म्हणजे ‘बाग्लामा’. तुर्की माणूस त्यातला ‘ग’ जवळजवळ गिळून टाकतो, त्यामुळं कानाला ‘बाऽलामा’ असं ऐकू येतं. ‘बाग्लामाक’ म्हणजे बांधणं. या वाद्याच्या दांडीवर स्वरांच्या जागी दोरे बांधलेले असतात, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. याच वाद्याला तिकडं ‘साज’ही म्हणतात. आपण ‘साजिंदे’ म्हणतो तो हाच शब्द. तमाशाच्या बोर्डावर ढोलकीवाल्यापासून पेटीवाल्यापर्यंत सगळे साजिंदेच.

शब्दांची ही देवघेव बघण्यासारखी आहे. सतारीच्या दांडीवर जे धातूचे कमानदार तुकडे बांधतात त्यांना आपण पडदे म्हणतो. तुर्कस्तानात बाग्लामावरच्या त्या बांधलेल्या दोऱ्यांना ‘पेर्दे’ म्हणतात. सतार छेडायची तारेची अंगठी म्हणजे मिजराब. तुर्की वादक आपल्या छेडणीला ‘मिज्राप’ म्हणतो. बाग्लामाचे लहानमोठे प्रकार आहेत. सगळ्यांत छोटा ‘जुरा’, मोठा ‘दिवान’, आणि मधल्या एका आकाराचं नाव चक्क ‘तांबुरा’. बारामतीच्या भजनी मंडळातला कुणी तिकडं दुकानात गेला आणि त्यानं तंबोरा मागितला, तर दुकानदार एक वाद्य काढून पुढं ठेवील. फरक एवढाच, की ते आपल्यासारखं नुसता सूर धरून राहणार नाही, त्यावर गाण्याची चाल वाजेल.

कारण दोन्ही वाद्यांची कामं वेगळी आहेत. आपल्या तंबोऱ्याला पडदे नाहीत. चार तारा एकामागून एक मोकळ्या छेडायच्या आणि गाणाऱ्याला उभं राहायला जमीन करून द्यायची, एवढंच त्याचं काम. बाग्लामाला बहुधा सात तारा, दोन-दोन-तीन अशा तीन जोडांत. दांडीवर एका सप्तकात सतरा पडदे, त्यामुळं आपल्या पेटीत न सापडणारे मधले स्वरही त्यावर निघतात. पोट भोपळ्याचं नसतं. तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून ते करतात किंवा लाकडाच्या पातळ फाका वाकवून जोडतात. छेडायला पूर्वी चेरीच्या झाडाची साल वापरत, आता प्लॅस्टिकची पट्टी आली.

तिकडचे आशिक

बाग्लामा हातात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कवी-गायकाला तुर्कस्तानात ‘आशिक’ म्हणतात. अर्थ आपल्याला माहीत आहेच. पण इथला इश्क मुख्यतः अल्लाहशी, पीराशी, मातीशी आणि माणसाशी. आशिक स्वतः रचतो, स्वतः गातो, स्वतः वाजवतो. रचनेच्या शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव गुंफतो. त्या नावाला तुर्कीत ‘महलस’ म्हणतात. उर्दू शायराचा ‘तखल्लुस’ त्याच धातूचा, आणि आपल्या अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते तीही याच रीतीची. शेवटच्या चरणात तुका किंवा नामा आला की कीर्तनातल्या श्रोत्याला जसं कळतं, आता हा अभंग पुरा झाला, तसंच अनातोलियातल्या खेड्यातल्या श्रोत्याचं होतं. युनेस्कोनं २००९ मध्ये या आशिक परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणावा असा कवी युनुस एम्रे. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याची सुरुवात हा त्याचा काळ. म्हणजे इकडं आळंदी-पंढरपुरात ज्ञानेश्वर-नामदेव होते, त्याच सुमाराचा. दरबारात फारसी चालायची, मदरशात अरबी. युनुस साध्या तुर्कीत रचत राहिला, शेतकऱ्याला आणि धनगराला कळेल अशा भाषेत. आपल्याकडे संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिणाऱ्यांनी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला युनुसचं मोठेपण वेगळं समजावून द्यायला नको.

सोळाव्या शतकातला पीर सुलतान अब्दाल सत्तेशी भांडला आणि सिवासला फासावर गेला. त्याच्या रचना अलेवी समाजात आजही गायल्या जातात. अलेवींच्या ‘जेम’ नावाच्या उपासनेत साज हवाच. तो वाजवणारा आधी वाद्याचं चुंबन घेतो, मग मांडीवर घेतो. त्याच देशातल्या दुसऱ्या मुसलमानांना उपासनेत तारांचं वाद्य रुचत नाही. म्हणजे हा वाद तिकडंही आहे आणि वाद्यही टिकून आहे.

विसाव्या शतकातलं सगळ्यांत गाजलेलं नाव आशिक वेसेल. १८९४ मध्ये सिवास प्रांतातल्या सिव्रीआलान या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म. सातव्या वर्षी देवीच्या साथीत एक डोळा गेला, पुढं अपघातात दुसराही. पोराचं मन रमावं म्हणून बापानं हातात साज दिला. वेसेल दुसऱ्यांच्या रचना गात मोठा झाला आणि बऱ्याच उशिरा स्वतः रचू लागला. पुढं तुर्कस्तानात खेड्यांतल्या पोरांना शिक्षक करण्यासाठी ग्रामसंस्था निघाल्या, तिथं त्यानं मुलांना साज शिकवला. ‘काळी माती’ या अर्थाच्या नावाचं त्याचं गाणं आजही तिकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. २१ मार्च १९७३ रोजी तो गेला. एकतारी घेऊन दारोदार फिरणारे, दृष्टी नसलेले भजनी आपल्या बाजाराच्या गावांतून दिसतात. वेसेल त्यांच्याच बिरादरीतला.

दुसरं नाव नेशेत एर्ताश, १९३८ ते २०१२. तो अब्दाल समाजातला. लग्नात वाजवणं हा या समाजाचा पिढीजात धंदा. लग्नाला त्यांच्याशिवाय चालायचं नाही आणि एरवी त्यांना जवळ बसवायचं नाही, अशी त्यांची गत. बोटांच्या दुखण्यानं एर्ताशचं वाजवणं थांबलं, इलाजासाठी तो जर्मनीला गेला आणि कितीतरी वर्षं तिथंच राहिला. पुढं सरकारनं ‘राज्य कलावंत’ ही पदवी देऊ केली, ती त्यानं नम्रपणे नाकारली. लोकांचा कलावंत राहिलो तरी पुष्कळ झालं, असं त्याचं म्हणणं. वाजंत्री लागते पण वाजवणारा ओट्याखाली, ही रीत आपल्याही गावांनी बघितलेली आहे.

शिकलगार ते सितारमेकर

आता मिरजेकडं येऊ. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, तलवारी घासूनपुसून लखलखीत करणारे. जेजुरीचा शाहीर सगनभाऊ याच जमातीतला. मुसलमान, धंद्यानं शिकलगार, आणि उत्तर पेशवाईतल्या नामांकित लावणीकारांपैकी एक. म्हणजे धारेचं काम करणाऱ्या हातांचं गाण्याशी नातं जुनंच.

इंग्रजांचा अंमल बसला आणि तलवारीचं काम संपत आलं. संस्थानं राहिली, फौजा राहिल्या नाहीत. मिरजेच्या शिकलगारांपुढं पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेचं पटवर्धन संस्थान गाण्याचं शौकीन. उत्तरेतून गवई येत, त्यांची वाद्यं बिघडत, आणि दुरुस्त करणारं जवळपास कोणी नसे. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावानं ही दुरुस्ती अंगावर घेतली, मग बघून बघून नवं वाद्य केलं, अशी हकिकत मिरजेत सांगतात. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या मधला. पुढं घराण्याचं आडनावच सितारमेकर पडलं. त्यांच्याच घरांतून आणि शागिर्दांतून मिरजेची वाद्यांची गल्ली उभी राहिली.

मिरजेला गवयांचीही कमी नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेत. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १८७२ मध्ये कैरान्यात जन्मले, पण घर केलं मिरजेत. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्याच्या महोत्सवात ज्यांचं नाव दरवर्षी निघतं ती सगळी परंपरा या एका घराच्या अंगणातून फुटलेली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रास इलाख्यात आगगाडीच्या प्रवासात खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं. ते एका छोट्या स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात अल्लाहचं नाव घेतलं आणि डोळे मिटले, असं सांगतात. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीची संगीतसभा भरते, आणि मोठमोठे हिंदू-मुसलमान गवई तिथं हजेरी लावतात.

मळ्यातून मांडीवर

वाद्याची सुरुवात भोपळ्यापासून होते. हा खाण्याचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो पंढरपूर, मंगळवेढा या भागात भीमेच्या आसपासच्या शेतांत पिकतो. इथं आपल्या दोन्ही तालुक्यांचा संबंध येतो. बारामतीची कऱ्हा पुढं नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि उजनीतून सुटलेलं पाणी घेऊन तीच भीमा पुढं पंढरपूरला जाते. वारकरी पायी चालत ज्या वाटेनं जातो, त्याच दिशेनं आपलं पाणी जातं आणि तंबोऱ्याचा भोपळा त्या पाण्यावर वाढतो.

पण भोपळा पिकवणं सोपं नाही. फळ वेलीवरच पुरतं जून व्हावं लागतं. कोवळं काढलं तर वाळताना आक्रसतं, पाणी साचलं तर कुजतं, एका बाजूला टेकून राहिलं तर वाकडं होतं. जाड सालीचं, गोल आणि मोठ्या घेराचं फळ हवं. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याला मोठा घेर, बायकांच्या तंबोऱ्याला लहान, वीणेला त्याहून लहान. शंभर फळांतली सगळीच काही वाद्याच्या लायकीची निघत नाहीत. काढल्यावर ती महिनोन्‌महिने वाळवावी लागतात. ज्या शेतात ऊस लावला तर कारखान्याची गाडी बांधावर येते, तिथं एवढी उस्तवार करून भोपळा लावायला शेतकऱ्याला कारण लागतं. हे बारामती-इंदापूरच्या माणसाला जास्त सांगायला नको.

मिरजेत आल्यावर भोपळा वरून कापतात, आतल्या बिया आणि गर काढतात, पाण्यात भिजवून नरम करतात, तोंड हवं तसं ताणून पुन्हा वाळवतात. मग त्याला लाकडाचा गळा बसतो, गळ्याला दांडी. लाकूड बहुधा तुणीचं, हलकं आणि न वाकणारं. दांडी आतून पोकळ कोरायची, वरून पट्टी बसवायची. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची तबकडी. तिची जाडी हातानं ठरते. जाड राहिली तर आवाज कोंडतो, पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. मग नक्षी, पानं-फुलं, रंग, लाखेची चकाकी. गिऱ्हाईक बघतं ते हे. पण जाणकार बघतो तो शेवटचा भाग.

तो म्हणजे जव्हारी. तबकडीवर जी घोडी बसवतात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसभर उतार असतो. तार त्या उतारावरून निघताना घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते आणि नुसत्या ‘टण्‌’ऐवजी लांबवर झणझणत राहते. हा उतार कानशीनं काढतात. एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा एक हात मारायचा. त्यावर तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवतात. धागा एका विवक्षित जागी आला की वाद्य उघडतं. चार तारा असतात चारच: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. पण जव्हारी नीट लागली तर कुणीही न छेडलेला गंधारसुद्धा खर्जाच्या तारेतून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आपल्या तंतुवाद्यांच्या या घोडीत काय घडतं, यानं सी. व्ही. रामन यांना भुरळ घातली होती. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर शोधनिबंध लिहिला. तारेच्या कंपनाचे नेहमीचे नियम या वाद्यांना लागू पडत नाहीत, जे सूर निघायला नकोत तेही इथं निघतात, हे त्यांनी दाखवलं. पुढं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत जे तपासलं, ते मिरजेचा कारागीर कधीपासून कानानं करत आला आहे. जव्हारी लावायला शिकायचं कसं, याचं पुस्तक नाही. वर्षानुवर्षं उस्तादाजवळ बसून कान तयार होतो. तुर्कस्तानातला बाग्लामा करणाराही तबकडीवर बोटाच्या पेरानं टकटक करून तिची जाडी ठरवतो.

वीणा खाली ठेवत नाहीत

दिंडीतली वीणा म्हणजे खरं तर छोटा तंबोराच. दिंडीत टाळ कितीही असोत, मृदंग असोत, विणेकऱ्याचा मान वेगळा. त्याच्या पाया पडतात. पाया पडणारा वयानं मोठा, पैशानं मोठा, जातीनं कुणीही असला तरी. कारण त्या वेळी विणेकरी हा अमुक घरातला अमुक राहत नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला, की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारे लावलेले असतात. रात्री दोनचा पहारा ज्याचा, तो झोपेतून उठून येतो, आधीच्या विणेकऱ्याला नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि तार छेडत उभा राहतो. समोर श्रोता असो नसो.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत एतिकाफला माणूस बसतो. घरदार, धंदा सोडून तो मशिदीतच राहतो, रात्री जागतो. गावातल्या एकानं बसावं, म्हणजे सगळ्या गावाची जबाबदारी उतरते, असं मानतात. पहाऱ्याची वीणा आणि एतिकाफ या एकच गोष्टी आहेत असं मी म्हणणार नाही. दोन्हींचा अर्थ, दोन्हींचे नियम वेगळे. पण गाव झोपलेलं असताना कुणीतरी एकजण गावाच्या वतीनं जागा आहे, ही कल्पना दोन्ही मोहल्ल्यांना कळते. सहरीला उठवत फिरणारे फकीर आपण ऐकले आहेत. तुर्कस्तानात हेच काम गळ्यात मोठा ढोल अडकवलेले ढोलवाले गल्लोगल्ली फिरून करतात.

वारीचं आणि मुसलमानांचं नातं नवं नाही. देहूतून पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे ‘योगसंग्राम’ लिहिणारे संतकवी. इंदापूरच्या लढाईत कामी आलेले मालोजीराजे त्यांना मानत, असं सांगतात. या गोष्टी भाषणात वारंवार येतात, त्यामुळं गुळगुळीत झाल्या आहेत. मिरजेच्या वीणेची गोष्ट त्या मानानं भाषणात कमी येते. कारण ती सणावाराची नाही. तो रोजचा व्यवहार आहे: शेतकऱ्यानं भोपळा विकला, कारागिरानं वाद्य केलं, गावानं वर्गणी काढून ते घेतलं. कुणी कुणावर उपकार केला नाही. तीन ठिकाणच्या माणसांना एकमेकांची गरज होती आणि ती दीडशे वर्षं भागत आली.

आता अडतंय कुठं

ही साखळी आता सगळीकडून ताणली गेली आहे. १९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. डब्यात बसणारा, सुरात राहणारा, प्रवासात न फुटणारा. रियाज करणाऱ्याची सोय झाली, यात शंका नाही. आता तर मोबाईलवर फुकट तंबोरा वाजतो. ज्या घरात पूर्वी गाणं शिकणाऱ्या मुलीसाठी तंबोरा यायचा, तिथं आता अ‍ॅप येतं. भोपळ्याऐवजी फायबरचं पोट लावलेली वाद्यंही निघाली. परदेशी पाठवायला ती बरी पडतात, पण फायबर करायला ना मंगळवेढ्याचा मळा लागतो ना मिरजेचा हात.

लाकूड महागलं, चांगला भोपळा मिळेना. आणि सगळ्यांत मोठी अडचण घरातली. जव्हारी शिकायला लागणारी वर्षं आणि त्या वर्षांत हातात पडणारा पैसा यांचा मेळ बसत नाही. कारागिराचा मुलगा शिकतो, नोकरीला जातो. त्यात वाईट काही नाही. उसाच्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला जातो तसाच तोही जातो. पण उसाची जात संशोधन केंद्रात जपून ठेवता येते. जव्हारीचा कान कुठं ठेवणार?

थोडी चांगली बातमीही आहे. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडं केलेलं वाद्य ‘मिरजेचं’ म्हणून विकायला आता कायद्याची आडकाठी आहे. कारागिरांनी समूह करून एकत्र काम सुरू केलं आहे. पण मानांकनाचा कागद गिऱ्हाईक आणून देत नाही. पुरंदरच्या अंजिरालाही मानांकन आहे, आणि तिथला शेतकरी सांगेल की कागदानंतरचं काम जास्त अवघड असतं.

तुर्कस्तानात एक गोष्ट घडली ती लक्षात घेण्यासारखी आहे. वेसेलच्या उमेदीत साज हे खेडवळ वाद्य मानलं जायचं. मग ग्रामसंस्थांत मुलांच्या हातात तो दिला गेला, रेडिओवर साज वाजवणाऱ्यांचे मोठे ताफे उभे राहिले, पुढं संगीत शिकवणाऱ्या विद्यापीठांत तो शिकवला जाऊ लागला. आज तिकडच्या शहरांतून साज शिकवणारे वर्ग आहेत आणि पोरंपोरी पाठीवर साजाची पिशवी अडकवून बसमधून जाताना दिसतात. वाजवणारे वाढले, म्हणून करणारे टिकले. उलटा क्रम कधी झाला नाही.

वारीच्या आधी

आपल्याला मोठं काही करायची गरज नाही. आपल्या बहुतेक गावांच्या मंदिरांत एखादी जुनी वीणा असते. कपाटात किंवा खुंटीला, एखादी तार तुटलेली, खुंटी सैल झालेली, घोडी सरकलेली. सप्ताह जवळ आला की तिला कुणीतरी बाजारची तार चढवतो, ती कशीबशी वाजते आणि पुन्हा कपाटात जाते. भोपळा शाबूत असेल तर अशी वीणा दुरुस्त होते. तारा नव्या, घोडीला नवी जव्हारी, खुंट्या खडूनं बसवायच्या, फुटका कोपरा सांधायचा. नव्या वीणेपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं आणि जव्हारी लावणाऱ्या हाताला काम मिळतं. कारागिराच्या घरी दुरुस्तीचा धंदा चालू राहिला, तर पोरगं निदान बापाशेजारी बसून बघतं तरी.

ज्या भजनी मंडळाला नवी वीणा घ्यायची आहे त्यांनी फोटो बघून मागवू नये. मिरजेला जावं, दुकानात बसावं, चार वाद्यं ऐकावीत. खर्जाची तार छेडून कान भोपळ्याला लावावा. झणकार लगेच विझला तर दुसरं वाद्य मागावं. करणाऱ्याचं नाव विचारावं, जव्हारी कोण लावतो ते विचारावं. त्याला त्याच्या कामाबद्दल कुणी विचारलं की तो दोन तास बोलतो, असा माझा अनुभव आहे. रमजान असेल आणि संध्याकाळ झाली असेल, तर खजुराचा वाडगा पुढं आल्याशिवाय तो तुम्हाला उठू देणार नाही.

आणि शाळांसाठी एक. आपल्या दोन्ही तालुक्यांत कारखान्यांच्या, संस्थांच्या चांगल्या शाळा आहेत. त्यांच्या सहली गडकिल्ल्यांवर जातात, धरणावर जातात. एखादी सहल पंढरपूर-मंगळवेढ्याचा भोपळ्याचा मळा बघून मिरजेला न्यावी. मुलांना वाळका भोपळा हातात धरू द्यावा, कानस कशी चालते ते बघू द्यावं, जव्हारी लागायच्या आधीची आणि नंतरची तार ऐकू द्यावी. कऱ्हेचं पाणी कुठं जातं, शिकलगार म्हणजे कोण, रामन यांनी काय शोधलं आणि वीणा खाली का ठेवत नाहीत, हे चार धडे त्यांना एका दिवसात मिळतील. त्यांतल्या एखाद्या मुलाला, मग तो कोणत्याही घरातला असो, त्या तारेनं थांबवलं आणि पुन्हा एकदा छेडावीशी वाटली, तर मिरजेच्या गल्लीला तेवढं पुरे आहे.